किती वाजले?

कात्रजच्या जुन्या बोगद्यापाशी रात्री आम्ही अकरा जण उभे होतो आणि किती वाजले हे एकालाही सांगता येत नव्हतं. दहा मनगटांवर घड्याळं होती. तीही साधीसुधी नव्हेत, एकेकाची किंमत माझ्या पहिल्या स्कूटरएवढी. पण ती सगळी त्या क्षणी उपग्रह शोधत होती. पौर्णिमेच्या चांदण्यात दहा मध्यमवयीन माणसं डावा हात आभाळाकडे करून श्वास रोखून उभी होती. रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रकवाल्याला वाटलं असेल, इथे कसलातरी शपथविधी चाललाय.

अकरावा मी. माझ्या हातावर वडिलांचं एचएमटी 'जनता'. ते वेळ सांगायला एका पायावर तयार होतं, पण माझा चष्मा सॅकच्या तळाशी, पुरणपोळीच्या डब्याखाली. शेवटी ट्रकवाल्यालाच विचारलं.

कात्रज ते सिंहगड हा रात्रीचा ट्रेक पुण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे आणि त्यात टेकड्या किती लागतात यावर अजून एकमत नाही. कोणी तेरा म्हणतं, कोणी सोळा. आमच्यातला एक जण दर वर्षी मोजायला घेतो आणि सातवीनंतर त्याचा आकडा हरवतो. मला वाटत होतं, आता घड्याळं आली, हा वाद मिटेल. पहाटे सिंहगडाच्या घाटरस्त्याला लागल्यावर सगळ्यांनी मनगटं पुढे केली. एकाचं १३.८ किलोमीटर, दुसऱ्याचं १४.९, तिसऱ्याचं १६.३. तिघंही रात्रभर एकमेकांच्या टाचेवर टाच ठेवून चालले होते. सोळावाला लगेच म्हणाला, "माझं ड्युअल बँड आहे." तेरावाला मान खाली घालून म्हणाला, "माझं बहुतेक गंडलंय." आपलं घड्याळ जास्त दाखवत असेल तर ते अचूक आणि कमी दाखवत असेल तर बिघडलेलं, हा नियम मला तेव्हाच कळला. वजनकाट्याच्या बाबतीत हाच नियम उलटा चालतो.

गडावर पिठलं-भाकरी खाताना मी पुन्हा विचारलं, "किती वाजले रे?" उत्तर आलं, "अकराशे चाळीस कॅलरी."

आपल्यालाही असं एक घड्याळ पाहिजे, हे मी त्याच भाकरीवर ठरवलं.

घरी जाहीर केलं. बायको म्हणाली, "अहो, तुम्हाला घड्याळाची काय गरज? जेवायची वेळ झाली की तुम्ही स्वयंपाकघरात येता, मी त्यावरून घड्याळ लावते." मी म्हटलं, "अगं, हे वेळेसाठी नाही." त्यावर ती काही बोलली नाही. लग्नाला एकतीस वर्षं झाल्यावर माणूस कुठे बोलायचं नाही हे शिकतो. मी अजून शिकतोय.

मग भाच्याला बोलावलं. तो संगणकातला आहे. त्याने पहिलाच प्रश्न विचारला, "मामा, तुझा यूज-केस काय?" माझा यूज-केस म्हणजे महिन्यातून एक दिवस डोंगर आणि उरलेले एकोणतीस दिवस गुडघा. त्याने ते टिपून घेतलं आणि संध्याकाळपर्यंत तेवीस रकान्यांचा तक्ता पाठवला. मुलीसाठी स्थळं बघताना मी नऊ रकान्यांवर भागवलं होतं.

तक्त्यात पहिली मंडळी दणकट घराण्यातली. त्यांचा मूळपुरुष जपानचा किकुओ इबे, कॅसिओतला इंजिनिअर. वडिलांनी दिलेलं घड्याळ हातातून पडून फुटलं म्हणून हा माणूस १९८१ साली न फुटणारं घड्याळ करायच्या मागे लागला. दहा मीटरवरून पडलं तरी टिकावं, दहा बारचा पाण्याचा दाब सोसावा, बॅटरी दहा वर्षं चालावी, अशी अट. चाचणीची प्रयोगशाळा कोणती? तर तिसऱ्या मजल्यावरच्या स्वच्छतागृहाची खिडकी. तिथून घड्याळ खाली टाकायचं, जिना उतरून जाऊन बघायचं, फुटलेलं घेऊन वर यायचं. असे सुमारे दोनशे नमुने झाले. शेवटी बागेत चेंडू खेळणारी एक मुलगी पाहून त्याला सुचलं की, यंत्र चेंडूच्या पोटात तरंगतं तसं ठेवलं तर धक्का आतपर्यंत जाणार नाही. १९८३ मध्ये जी-शॉक बाजारात आलं. मला त्या घड्याळापेक्षा त्या ऑफिसचं कौतुक वाटतं. आमच्या बँकेत कोणी दिवसातून चार वेळा त्या खिडकीतून काही खाली टाकलं असतं तर तिसऱ्या दिवशी चौकशी समिती बसली असती. आणि वडिलांनी दिलेलं घड्याळ फुटलं तर आपल्याकडे नवीन घड्याळाचा शोध लागत नाही, दहावीपर्यंत घड्याळ मिळत नाही.

माझ्या वडिलांनी दिलेलं मात्र फुटलं नाही. एचएमटीने १९६१ साली जपानच्याच सिटिझनच्या मदतीने बंगळूरला घड्याळं करायला सुरुवात केली आणि पुढे निदान आमच्या नात्यात तरी त्यांच्याशिवाय मुंडावळ्या बांधायची पद्धत नव्हती. वडिलांचं घड्याळ दिवसाला चार मिनिटं मागे पडायचं. ते त्यांनी कधी दुरुस्तीला टाकलं नाही. रोज सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी पुण्याहून प्रादेशिक बातम्या लागल्या की ते चावी देत आणि काटा चार मिनिटं पुढे ढकलत. दुपारी कोणी वेळ विचारली तर घड्याळात बघून मनात एक मिनिट मिळवून सांगत. त्यांची एसटी आयुष्यात चुकली नाही. हे घड्याळ मागे पडतं, असं मी एकदा म्हणालो तर ते म्हणाले, "मागे पडतं, पण ठरल्याप्रमाणे पडतं."

तर तक्ता. दुसरा गट ए-बी-सीवाला, म्हणजे उंची मोजणारा अल्टिमीटर, हवेचा दाब मोजणारा बॅरोमीटर आणि दिशा दाखवणारं होकायंत्र. तिसरा गट उपग्रहवाला. चौथा नुसता दिसायला खेळाडू, आतून फोनचा चमचा. फोन घरी राहिला की याचा जीव अर्धा.

दुकानात गेलो. काउंटरवरचा मुलगा माझ्या भाच्याहूनही लहान. "काका, यात एकशे वीस स्पोर्ट्स मोड आहेत." मी यादी पाहिली. स्कीइंग होतं, सर्फिंग होतं, स्नोबोर्डिंग होतं. वारी नव्हती, दहीहंडी नव्हती आणि डोक्यावर सिलिंडर घेऊन तीन जिने चढणंही नव्हतं. "पाण्यात चालतं का?" "काका, पन्नास मीटर!" हे पन्नास मीटर प्रकरण नीट समजून घ्यावं. याचा अर्थ घड्याळ घालून पन्नास मीटर खोल बुडी मारता येते असा नाही. पन्नास मीटर पाण्याखाली जेवढा दाब असतो तेवढा स्थिर दाब ते चाचणीत सोसतं, एवढाच. पोहायला चालतं. पाण्याखाली बटणं दाबू नयेत, हे माहितीपुस्तकात बारीक अक्षरात असतं. आणि गरम पाणी-साबणाने आतले रबरी वायसर खराब होतात हे त्याहून बारीक. म्हणजे समुद्रात चालेल, पण अभ्यंगस्नानाला काढून ठेवा.

"बॅटरी?" "चौदा दिवस!" हे चौदा दिवस घड्याळाने घड्याळासारखं वागायचं ठरवलं तर. उपग्रह चालू केले की दिवसांचे तास होतात. हेसुद्धा माणसासारखंच आहे. काम न करता बसलो तर मीही चौदा दिवस सहज टिकतो.

मी टचस्क्रीनचं एक घड्याळ आवडून घेतलं आणि पुढच्याच रविवारी राजगडावर नेलं. गुंजवणे गावातून निघालो. आषाढाचा पाऊस. टचस्क्रीनला बोट आणि थेंब यांतला फरक कळत नाही, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. पहिल्या सरीने ट्रेक सुरू केला, दुसरीने थांबवला, तिसरीने भाषा बदलून बहुधा पोर्तुगीज केली. चोर दरवाज्याशी पोचेपर्यंत पावसाने माझा ट्रेक आपणच सेव्ह करून 'ओपन वॉटर स्विमिंग' अशी नोंद केली होती. यात घड्याळाची चूक होती असं मी छातीठोक म्हणणार नाही. मी ते परत केलं. सह्याद्रीत फिरायचं तर घड्याळाला बटणं पाहिजेत, ओल्या बोटांनी, हातमोज्यातून, अंधारात चाचपून दाबता येतील अशी. आणि ऊन जितकं कडक तितका स्पष्ट दिसणारा साधा पडदा पाहिजे. दिवाळीतल्या आकाशकंदिलासारखे झळकणारे पडदे एप्रिलच्या उन्हात कातळावर उभं राहिलं की नुसता आरसा होतात. त्यात स्वतःचा घामेजलेला चेहरा दिसतो आणि तो पाहायला कोणी डोंगर चढत नाही.

दुसरं घड्याळ बटणांचं. याच्या पोटात सगळं होतं, आणि इथून माझं खरं शिक्षण सुरू झालं.

आधी उपग्रह. जीपीएसचे तीसएक उपग्रह वीस हजार किलोमीटरवरून फिरत असतात आणि ते मनगटाला सांगतात काय, तर आपण कुठे आहोत आणि आपल्याकडे किती वाजले. बस्स. चार उपग्रहांची वेळ ऐकून, निरोप पोचायला किती उशीर झाला यावरून घड्याळ तुमची जागा काढतं. सेकंदाचा दहा लाखावा भाग चुकला तर तुम्ही तीनशे मीटर बाजूला, म्हणजे आमच्या वाटांवर थेट दरीत. हे कळलं तेव्हा मला कात्रजचा बोगदा आठवला. आभाळातून एकसारखी वेळच बरसत होती आणि खाली दहा जणांना वेळ सांगता येत नव्हती.

मोकळ्या माळावर हे सगळं छान चालतं. पण सांदण दरीसारख्या चिंचोळ्या घळीत दोन्हीकडे उभे कडे आणि वर आभाळाची नुसती फीत. तिथे उपग्रहाचा निरोप सरळ न येता कातळावर आपटून येतो, गावातल्या बातमीसारखा, चार घरं फिरून. मग घड्याळाच्या नकाशात तुम्ही कड्यातून आरपार चालत जाता. त्यात प्रत्येक ठिकाणी चार-पाच मीटरची चूक धरली तर सरळ वाटही नागमोडी होते आणि अंतर फुगतं. उलट बॅटरी वाचवायला घड्याळ अधूनमधूनच टिपण घेत असेल तर वळणं गाळली जातात आणि अंतर आटतं. सोळावाला आणि तेरावाला दोघंही प्रामाणिक होते. एकाचं घड्याळ पाल्हाळिक होतं, दुसऱ्याचं आळशी.

होकायंत्राला लोखंड चालत नाही. कळसूबाईच्या शिडीवर कठड्याला हात धरून मी उत्तर पाहिली आणि पाच पावलांवर पुन्हा पाहिली; उत्तर दिशा दरम्यान नाशिकहून पुण्याला गेली होती. जुनी युक्ती अशी की तासकाटा सूर्याकडे धरावा, तो आणि बाराचा आकडा यांच्या मध्ये दक्षिण. ही युक्ती युरोपात जन्मलेली. पुण्यात मेच्या मध्याला सूर्य बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते, आणि तिथून जुलैच्या अखेरीपर्यंत भरदुपारी सूर्य आपल्या उत्तरेला असतो. त्या दिवसांत या युक्तीवर भरवसा ठेवणारा माणूस सिंहगडावरून पुण्याला यायच्या ऐवजी भोरला पोचेल. बाकी जून-जुलैत सूर्य दिसतो कुठे, म्हणून फारसे लोक भोरला पोचत नाहीत.

नाडीचं सांगायचं तर घड्याळाच्या पाठीला हिरवे दिवे असतात. रक्त हिरवा प्रकाश शोषतं, म्हणून ठोक्यागणिक परत येणारा उजेड कमीजास्त होतो आणि त्यावरून ठोके मोजतात. पट्टा सैल असला की घड्याळ गोंधळतं आणि कधीकधी नाडीऐवजी पावलंच मोजायला लागतं. माझी नाडी उतारावर एकशे सत्तर झाली तेव्हा मी घाबरून बसलो. बसल्यावर पावलं थांबली, नाडी ऐंशीवर आली, आणि मी बरा झालो. डॉक्टरांचे पैसे वाचले.

पावलांची तर गंमतच. हे रोज दहा हजारांचं व्रत १९६५ च्या सुमारास जपानमध्ये एका पावलं मोजणाऱ्या यंत्राने रूढ केलं. त्या यंत्राच्या नावाचाच अर्थ 'दहा हजार पावलांचं मापक'. संशोधन मागाहून, बारसं आधी. शिवाय मनगटावरचं घड्याळ पाय कुठे मोजतं, ते हात मोजतं. गणपतीत आमच्या सोसायटीच्या आरतीला मी एका जागी उभा राहून टाळ्या वाजवल्या आणि पाच आरत्या, मंत्रपुष्पांजली धरून नऊशे पावलं चाललो. मंत्रपुष्पांजलीला घड्याळाने 'शाबास' म्हणून थरथर केली. उलट बायको दोन्ही हातांत पिशव्या घेऊन मंडईतून चालत आली तर तिला जवळजवळ शून्य. म्हणजे घरातलं श्रेय जसं वाटलं जातं तसंच.

आता उंची. यावर मी थोडा रेंगाळणार आहे, कारण मी याच्यातच अडकलो.

चांगलं घड्याळ उंची हवेच्या दाबावरून काढतं. दाब एक हेक्टोपास्कल उतरला की त्याला वाटतं, मालक आठ-नऊ मीटर चढले. पण दाब तर पाऊस यायचा झाला तरी उतरतो. म्हणजे बिचाऱ्याला सतत ठरवावं लागतं की माणूस चढला की आभाळ बिघडलं. राजगडावर पद्मावतीच्या देवळात झोपलो होतो. सकाळी उठून पाहिलं तर रात्रीतून वीस मीटर वर गेलो होतो, देऊळ, सतरंजी आणि घोरणाऱ्या मंडळींसकट. म्हणून ठाऊक असलेल्या जागी उंची आपण भरायची असते. कळसूबाईच्या माथ्यावर माझं घड्याळ १६१९ म्हणत होतं. महाराष्ट्राचं सर्वोच्च शिखर, १६४६ मीटर, चौथीच्या भूगोलात पाठ केलेलं. मी बटणं दाबून १६४६ भरलं. मग खुशीत शेजारच्याला दाखवलं, "बघा, सोळाशे शेहेचाळीस! मीटरभराचाही फरक नाही." त्यानेही मघाशी तेच केलं होतं. आम्ही एकमेकांच्या घड्याळांचं मनापासून कौतुक केलं.

घरी आल्यावर लक्षात आलं की, आमचा फ्लॅटही हलतो. सकाळी दहाला मी बैठकीच्या खोलीची उंची ५७० मीटर भरली. पेपर वाचला, जेवलो, वामकुक्षी झाली. चार वाजता पाहिलं तर ५९६. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मी दुकानात फोन करायला निघालो होतो, पण भाच्याने थांबवलं. त्याने शोधून काढलं ते असं : समुद्राला असते तशी हवेलाही भरती-ओहोटी असते, मुख्यतः सूर्याच्या उष्णतेमुळे, दिवसातून दोनदा. सकाळ-रात्री दहाच्या आसपास दाब सर्वांत जास्त, पहाटे-दुपारी चारच्या आसपास सर्वांत कमी. युरोपात वादळांच्या गडबडीत ही हालचाल झाकली जाते. आपल्या उष्ण कटिबंधात ती तीन-चार हेक्टोपास्कलची, घड्याळ लावावं इतकी नेमाची. म्हणजे मी इतकी वर्षं बँकेत खुर्चीवर बसून दहा ते चार जे करत होतो, ती रोजची पंचवीस-तीस मीटरची चढाई होती. आमचे साहेब उगाच म्हणायचे की, मी जागचा हलत नाही.

भाचा म्हणाला, "मामा, याच्यापेक्षा महाग घेतलंस तर हे आपोआप दुरुस्त होईल, बहुतेक." त्या 'बहुतेक'ची किंमत अठरा हजार होती. मी तक्ता मिटला. किती आणि केव्हा खोटं बोलतं हे ज्याचं आपल्याला पाठ आहे, त्याला आमच्या घरी पूर्वीपासून विश्वासू म्हणतात.

घड्याळ आता बरेच दिवस बायकोच्याच हातात असतं. कणीक मळताना पावलं होतात, हे तिच्या ध्यानात आल्यापासून ती ते देत नाही. परवा दुपारी मी डोळे मिटून पडलो होतो. वीज गेलेली, फोन चार्जिंगविना बंद, भिंतीवरचं घड्याळ महिनाभर सेलच्या प्रतीक्षेत. कुशीवर वळून विचारलं, "अगं, किती वाजले?"

तिने मनगट डोळ्यांजवळ नेलं. त्या घड्याळात वेळही दिसते, पण ती दुसऱ्या पानावर असते आणि तिथे जायचं बटण तिला आवडत नाही.

"घर पंचवीस मीटर वर गेलंय," ती म्हणाली. "उठा. चहा टाकते."